स्वाक्षरी नको, प्रश्न विचारा!

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांकडे स्वाक्षऱ्यांची वही आहे? एखादा मोठा खेळाडू किंवा नट जवळपास आला, की आपण वही-पेन घेऊन धावतो. गर्दीत घुसतो, धक्के खातो आणि एकदाची सही मिळाली की घरी येऊन सगळ्यांना दाखवतो. मग ती वही कपाटात जाते.

पण एक शास्त्रज्ञ असे होते, की त्यांच्यापुढे मुलांनी वही धरली तर ते सही करत नसत! ते मुलांना सांगत, की घरी जा, विज्ञानातला एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहा आणि मला पाठवा. मी उत्तर लिहीन. त्या उत्तराखाली माझी सही असेलच.

काय, आहे की नाही गंमत? फुकट सही नाही. आधी डोकं चालवायचं, प्रश्न शोधायचा, मग सही! आणि हे नुसते बोलणे नव्हते बरं का. मुलांची पोस्टकार्डे खरोखरच येत आणि हा जगप्रसिद्ध माणूस वेळ काढून त्यांना उत्तरे लिहीत असे.

हे शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर. आज मी तुम्हांला त्यांची गोष्ट सांगणार आहे. पण त्याआधी माझी एक चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी व्हायची नाही.

मी गप्प बसवलेला प्रश्न

मी जुन्नर तालुक्यातल्या बेल्हे गावी प्राथमिक शाळेत शिकवते. आमचे बेल्हे बैलबाजारासाठी ठाऊक असलेले गाव. पण आमच्या तालुक्यात आणखी एक नवल आहे. नारायणगावच्या पूर्वेला खोडद गाव आहे. तिथे जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक दुर्बीण उभी आहे. ही एकच भलीमोठी नळी नव्हे हं! तारांच्या जाळीच्या 30 प्रचंड तबकड्या, प्रत्येक 45 मीटर रुंद. त्यांतल्या 14 खोडदजवळ एकत्र आहेत आणि बाकीच्या 16 शेतांमधून, माळांवरून तीन दिशांना पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ही दुर्बीण उभी राहिली.

दरवर्षी 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, खोडदला विज्ञान प्रदर्शन असते. एका वर्षी आम्ही मुलांना घेऊन गेलो. ऊन रणरणत होते. रांग लांब, मुलं दमलेली. तेवढ्यात तिसरीतल्या एका मुलीने माझा पदर ओढला.

"बाई, तारे तर रात्री दिसतात ना? मग ह्या तबकड्या दिवसा वर तोंड करून कशाला बसल्यात?"

मी म्हटले, "गप गं. रांग मोडू नकोस. चल पुढं."

ती गप्प बसली. आणि खरं सांगते, ती नुसती त्या दिवशी गप्प बसली नाही. पुढे वर्गातही तिचा हात वर येईनासा झाला. माझ्या ते लक्षातसुद्धा आले नाही. मला घाई होती हे खरे. पण त्याहून खरे कारण निराळेच होते. तिच्या प्रश्नाचे उत्तर मला येत नव्हते!

20 मे 2025 रोजी पुण्यात डॉ. नारळीकरांचे निधन झाले. तेव्हा ते 86 वर्षांचे होते. त्यांच्या पोस्टकार्डांची आठवण पुन्हा निघाली आणि मला एकदम त्या मुलीचा चेहरा दिसला. एवढा मोठा शास्त्रज्ञ मुलांकडून प्रश्न मागून घेत होता आणि मी आपणहून आलेला प्रश्न परतवून लावला होता!

भिंतीवरचा फळा

नारळीकरांचा जन्म 19 जुलै 1938 रोजी कोल्हापूरला झाला. वडील विष्णू वासुदेव नारळीकर मोठे गणितज्ञ. ते बनारस हिंदू विद्यापीठात शिकवत. आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. त्यामुळे जयंताचे बालपण बनारसला गेले. शाळेत हिंदी आणि घरात मराठी.

वडिलांनी मुलांसाठी घरात चक्क फळे लावून दिले होते. मुलांनी हवे ते लिहावे, हवे ते पुसावे. पुढे शिकण्यासाठी त्यांच्याकडे मोरूमामा राहायला आले. हे मामा गणितात हुशार. ते काय करत? रात्री फळ्यावर एक अवघड गणित लिहून ठेवत आणि वर मथळा देत, की हे जे. व्ही. एन. साठी आव्हान! जे. व्ही. एन. म्हणजे आपला छोटा जयंत. गणित सुटेपर्यंत, नाहीतर जयंत हार मानेपर्यंत ते फळ्यावरून पुसायचे नाही. शाळेच्या पुस्तकात नसलेली ती गणिते सोडवता सोडवता जयंताला गणिताची गोडी लागली.

पाहा हं, मामांनी त्याला उत्तरे शिकवली नाहीत. प्रश्न दिला आणि वेळ दिला.

बनारसहून पदवी घेऊन जयंतराव 1957 साली इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेले. तिथे गणिताच्या परीक्षेत वरच्या श्रेणीत येणाऱ्याला 'रँग्लर' म्हणतात. वडील रँग्लर होतेच. मुलगा 1959 साली सर्वांत पहिला, म्हणजे 'सीनियर रँग्लर' झाला. मग प्रसिद्ध शास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले. 1964 साली या गुरु-शिष्यांनी गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धान्त मांडला आणि तरुण नारळीकरांचे नाव जगभर गाजले. 1965 साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले, तेव्हा त्यांचे वय होते अवघे 26!

1972 साली ते भारतात परत आले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करू लागले.

सगळे एकीकडे, आपण दुसरीकडे

विश्व कसे सुरू झाले, हा फार मोठा प्रश्न आहे. बहुतेक शास्त्रज्ञ मानतात, की सुमारे 1,380 कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय दाट आणि तप्त होते आणि तेव्हापासून ते प्रसरण पावत आहे. याला 'महास्फोटाचा सिद्धान्त' म्हणतात. हॉइल आणि नारळीकर यांना हे पटत नव्हते. विश्वाला अशी एकच सुरुवात असेलच असे नाही, असे त्यांचे म्हणणे. 1993 साली त्यांनी जेफ्री बर्बिज यांच्यासह आपला पर्यायी सिद्धान्त सुधारून मांडला.

मग जिंकले कोण? आज मिळालेले पुरावे पाहून जवळजवळ सगळे शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूने आहेत. मग नारळीकरांचे काम वाया गेले का? मुळीच नाही. सगळे जण एक गोष्ट मानतात म्हणून आपणही मानायची, हे विज्ञान नव्हे. 'पुरावा दाखवा' असे विचारणारा कोणीतरी लागतोच. त्याच्या प्रश्नांना उत्तरे देताना बाकीच्यांचेही काम पक्के होते. मात्र असा प्रश्न विचारणाऱ्याने आधी अभ्यास केलेला असावा लागतो. नुसता हट्ट उपयोगी नाही!

ना. वि. ज. म्हणजे कोण?

आता त्यांच्या लेखनाकडे वळू. गुरू फ्रेड हॉइल हे स्वतः विज्ञानकथा लिहीत. शिष्यालाही वाटे, आपणही लिहून पाहावे. एकदा अहमदाबादला एका परिषदेत एक व्याख्यान फारच कंटाळवाणे चालले होते. तुम्ही अशा वेळी काय करता? वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढता, होय ना? नारळीकरांनी समोरच्या कागदांवर गोष्ट लिहायला घेतली!

ती गोष्ट होती 'कृष्णविवर'. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. 1974 साल होते ते. पण नारळीकरांना वाटले, माझे नाव पाहून परीक्षकांनी बक्षीस दिले तर? म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी केली. ज. वि. ना. चे झाले ना. वि. ज. आणि त्यावरून नाव तयार केले, नारायण विनायक जगताप! अक्षर कोणी ओळखू नये म्हणून सगळी गोष्ट त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी आपल्या अक्षरात उतरून काढली.

निकाल लागला. पहिले बक्षीस जगतापांना! मग गुपित फुटले आणि मराठीला एक नवा लेखक मिळाला.

इथे थोडे थांबून मंगलाताईंविषयी सांगायला हवे. त्या नुसत्या गोष्ट उतरवून देणाऱ्या नव्हत्या. त्या स्वतः गणितज्ञ होत्या. त्यांचे 'गणितगप्पा' हे पुस्तक ज्याला गणिताची भीती वाटते त्याने जरूर वाचावे. जुलै 2023 मध्ये त्यांचे निधन झाले.

नारळीकरांनी पुढे 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस' अशी कितीतरी पुस्तके लिहिली. खगोलशास्त्राची ओळख करून देणारे 'आकाशाशी जडले नाते' लिहिले. केंब्रिजला शिकलेला माणूस, इंग्रजीत सहज लिहू शकला असता. इंग्रजीत त्यांनी लिहिलेही. पण मराठी शाळेतल्या मुलालाही विश्वाचे कोडे कळले पाहिजे, म्हणून ते मराठीत लिहीत राहिले. 'विज्ञान म्हणजे इंग्रजी' असे ज्यांना वाटते, त्यांनी ही पुस्तके हातात घ्यावीत.

त्यांची 'धूमकेतू' ही कथा मला फार आवडते. त्यात हौसेने आकाश पाहणारे एक गृहस्थ छोट्या दुर्बिणीतून नवा धूमकेतू शोधून काढतात. सगळीकडे कौतुक होते. पत्नी मात्र धास्तावते. धूमकेतू म्हणजे अपशकुन, असे तिला वाटते. पुढे कळते, की तो खरोखरच पृथ्वीच्या दिशेने येतो आहे! जगभरचे शास्त्रज्ञ गुपचूप एकत्र येऊन संकट टाळतात. इकडे घरात मात्र शांतीसाठी यज्ञ होतो आणि घरच्यांना वाटते, यज्ञामुळेच वाचलो. कथा वाचून आपण हसतो आणि मग जरा गप्प होतो. कारण असे आपल्याही घरात घडत असते, नाही का?

पत्रिका आणि छापा-काटा

नारळीकर नुसत्या गोष्टी सांगून थांबले नाहीत. पत्रिकेवरून भविष्य कळते का, हे त्यांनी तपासून पाहायचे ठरवले. 2008 साली नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे यांच्यासह त्यांनी एक चाचणी घेतली.

चाचणी अशी. 100 हुशार मुलांच्या आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. नावे काढून टाकली आणि त्या सरमिसळ केल्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या 40 पत्रिका पाठवल्या. त्याने एवढेच सांगायचे, की पत्रिका हुशार मुलाची की दुसऱ्या गटातली? 27 ज्योतिषांनी उत्तरे पाठवली.

आता तुम्ही एक रुपयाचे नाणे घ्या. छापा पडला तर 'हुशार', काटा पडला तर 'दुसरा गट', असे 40 वेळा नाणे उडवून उत्तरे लिहिली, तर किती बरोबर येतील? साधारण निम्मी, म्हणजे शंभरात 50. आणि ज्योतिषांची किती बरोबर आली? सरासरी शंभरात 46!

लक्षात घ्या, नारळीकरांनी कोणाला शिव्या दिल्या नाहीत, कोणाची टिंगल केली नाही. चाचणी घेतली, आकडे मांडले. उत्तर आकड्यांनीच दिले.

मुलांसाठी उघडे दार

1988 साली पुणे विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' ही संस्था सुरू झाली. आयुका म्हणजे आंतरविद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र. देशातल्या कुठल्याही विद्यापीठातल्या शिक्षकाला, विद्यार्थ्याला इथे येऊन खगोलशास्त्रात काम करता यावे, हा तिचा हेतू. नारळीकर तिचे संस्थापक संचालक. 2003 सालापर्यंत त्यांनी ते काम पाहिले. आयुकाच्या आवारात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आईन्स्टाईन यांचे पुतळे आहेत.

एवढ्या मोठ्या संशोधन संस्थेत शाळेच्या मुलांचे काय काम, असे कोणीही म्हटले असते. पण आयुकात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मुलांसाठी व्याख्याने सुरू झाली. मुलांनी स्वतः हात लावून प्रयोग करावेत म्हणून 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' उभी राहिली. तिच्यासाठी पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाने देणगी दिली. इमारतीचे नाव ठेवले 'पुलस्त्य'. सप्तर्षींतला हा एक तारा. त्या नावात 'पुल' कसे दडले आहेत, दिसले का?

नारळीकरांना पुढे खूप मान मिळाले. विज्ञान सोपे करून सांगण्यासाठी युनेस्कोचा कलिंग पुरस्कार 1996 साली, पद्मविभूषण 2004 साली, 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला साहित्य अकादमी पुरस्कार 2014 साली. 2021 साली नाशिकच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पण ज्यांच्या घरी त्यांचे पोस्टकार्ड आहे, त्यांना विचारा. त्यांच्या लेखी हे सगळे मान एकीकडे आणि ते चार ओळींचे उत्तर एकीकडे!

त्या प्रश्नाचे उत्तर

आता पुन्हा खोडदच्या उन्हात जाऊ या. दिवसा तबकड्या काय करतात?

मी वाचले, जाणकारांना विचारले. उत्तर असे आहे. सूर्याचा प्रकाश हवेत शिरला, की हवेच्या रेणूंमुळे तो चहूकडे विखुरतो. सगळे आकाश उजळून निघते आणि त्या उजेडात तारे हरवतात. तारे असतात जागच्या जागीच, पण दिसत नाहीत. आपल्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यात, घोडेगावजवळ गिरवलीच्या डोंगरावर आयुकाची 2 मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण आहे. 2006 साली तिचे उद्घाटन झाले. ती प्रकाश पाहते. म्हणून तिला रात्रीच काम करता येते आणि ढग आले की तिचे काम थांबते.

खोडदची दुर्बीण मात्र प्रकाश पाहत नाही, ती आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडते. प्रकाशाची लहर केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक असते. खोडदला पकडतात त्या लहरी साधारण वीतभरापासून दोन मीटरपेक्षाही लांब. एवढ्या लांब लहरी हवेत विखुरत नाहीत. त्यामुळे रेडिओ दुर्बिणीला भर दुपारचे आकाशही रात्रीसारखेच! सूर्याकडे रोख धरला नाही म्हणजे झाले. ढगांचाही तिला फारसा अडथळा नाही. आणि तबकडी जाळीची का, तेही यातच आले. जाळीची भोके लहरींपेक्षा फार लहान असतात, म्हणून लहर आरपार न जाता परत उसळते. वारा मात्र आरपार जातो, म्हणून एवढी मोठी तबकडी हलकी ठेवता येते.

म्हणजे आपल्या दोन तालुक्यांत मिळून आकाशाकडे पाहणारी दोन तऱ्हेची यंत्रे आहेत. एक रात्री जागते, दुसरी रात्रंदिवस. आणि हे मला एका तिसरीतल्या मुलीमुळे कळले!

जूनमध्ये शाळा उघडली. ती मुलगी आता चौथीत आली होती. मी तिला जवळ बोलावून विचारले, "तुझा तो खोडदचा प्रश्न आठवतो का गं?"

"कुठला, बाई?"

ती विसरून गेली होती! मला फार वाईट वाटले. मी सगळ्या वर्गापुढे तिचा प्रश्न सांगितला, माझी चूक सांगितली आणि फळ्यावर चित्रे काढून उत्तर समजावले. ती ऐकत राहिली. मग बऱ्याच दिवसांनी तिचा हात हळूच वर आला.

"बाई, मग रात्री सूर्य नसतो, तेव्हा ह्यांना अजून चांगलं ऐकू येतं का?"

मी म्हटले, "मला माहीत नाही. आपण शोधू या."

आता आमच्या वर्गात एक पुठ्ठ्याची पेटी आहे. तिच्यात मुले प्रश्न टाकतात. पहिली चिठ्ठी तिचीच आहे. पुढच्या विज्ञान दिनाला खोडदला जाऊन तिथल्या संशोधकांनाच तो प्रश्न विचारायचा, असे ठरले आहे.

आईबाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठीही. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर लाजू नका. 'माहीत नाही, शोधू या' हे चार शब्द पुरतात. 'गप्प बस' हे दोन शब्द मात्र फार महाग पडतात. हे मी अनुभवाने सांगते आहे.

करून पाहा

नारळीकरांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत एका गमतीच्या पट्टीचा उपयोग केला आहे. तिला मोबियसची पट्टी म्हणतात. कागदाची दोन बोटे रुंद, हातभर लांब पट्टी कापा. एक टोक अर्धा पीळ देऊन उलटे करा आणि दुसऱ्या टोकाला चिकटवा. आता मधोमध पेन्सिलीने रेघ ओढत चला. पेन्सिल उचलायची नाही हं! रेघ पट्टीच्या दोन्ही बाजूंनी फिरून पुन्हा सुरुवातीला येईल. म्हणजे या पट्टीला बाजू किती? आणि त्या रेघेवरून कात्रीने कापत गेलात, तर दोन पट्ट्या होतील की एकच?

आधी अंदाज लिहा, मग कापा. जे दिसेल त्यावर निदान एक प्रश्न काढा आणि पोस्टकार्डावर लिहून तुमच्या गुरुजींना किंवा बाईंना द्या. त्यांनी उत्तर दिले, की खाली सही घ्यायला विसरू नका!